कोटणीसांची नसलेली सुई

लुधियान्यात डॉ. कोटणीसांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. कोलकात्यातही त्यांच्या स्मारक समितीने सुयांच्या उपचारांचा प्रसार केला. चीनहून आलेली सुई म्हटली की सोलापूरच्या या डॉक्टरांचं नाव आपसूक पुढे येतं. पण द्वारकानाथ कोटणीस होते शल्यविशारद. चीनच्या डोंगरांत त्यांनी हातात धरली ती जखमा शिवायची सुई. ती दुसरी, केसासारखी बारीक, जिच्यात ना धागा ना औषध, ती भारतात आणली त्यांच्या सोबत गेलेल्या एका बंगाली डॉक्टराने. आणि तीही कोटणीसांना जाऊन सतरा वर्षं झाल्यावर.

या सुईला पुढे विजेच्या तारा लागल्या. ती सशांना टोचली गेली, मग उंदरांना. आता ती लकव्याने अधू झालेला मेंदू पुन्हा उभा करते, इथपर्यंत बोलणं पोचलं आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ज्याच्या घरी लकव्याचा रोगी आहे, त्याला सल्ला देणाऱ्यांचा तोटा कधीच नसतो. झाडपाला सांगणारा भेटतो, मालीश सांगणारा भेटतो, आणि हल्ली 'चीनमध्ये सिद्ध झालंय' असं सांगणाराही भेटतो. सिद्ध झालंय ते कशावर, कधी आणि किती, हे मात्र कुणी सांगत नाही.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीने चढाई केली. त्या वर्षाअखेर चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ मध्ये हरिपुऱ्याला सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि चीनसाठी निधी गोळा करण्याचं, डॉक्टरांचं पथक पाठवण्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याकडच्या राजकारणाचं चित्त मात्र निराळ्याच डॉक्टरांत गुंतलेलं होतं. यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होतं, राजधानी नागपूर, आणि मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे. जुलैमध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला, वऱ्हाडचे गोळे आणि देशमुख हे मंत्री त्यांच्या बाजूने राहिले, वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका झडल्या आणि महिनाअखेर रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री झाले. मराठी विरुद्ध हिंदी असा तो सगळा कडवट मामला. त्याच गदारोळात नागपूरचे एक ज्येष्ठ डॉक्टर, मोरेश्वर चोळकर, चीनला जायची तयारी करत होते.

पथकात पाच जण होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल, उपप्रमुख चोळकर, कलकत्त्याचे विजयकुमार बसू आणि देवेश मुखर्जी, आणि मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले अठ्ठावीस वर्षांचेही न झालेले कोटणीस. पाचांत दोघे मराठी. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोट सुटली. पथकाबरोबर औषधं होती, शस्त्रक्रियेची हत्यारं होती, एक रुग्णवाहिकाही होती. कँटनमार्गे, वूहान, चुंगकिंग, शीआन असा प्रवास करत फेब्रुवारी १९३९ मध्ये ही मंडळी येनानला, माओच्या मुक्कामी पोचली. मुखर्जी आजारपणामुळे परतले, वयाने थोर असलेले चोळकरही त्याच वर्षी माघारी आले. पुढे अटलही आले. उरले बसू आणि कोटणीस.

चोळकरांचं नाव आज नागपुरातही किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. जो परतला त्याची कहाणी होत नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी न परतलेल्यावर पुस्तक लिहिलं, शांतारामबापूंनी १९४६ मध्ये त्यावर सिनेमा काढला आणि स्वतः कोटणीस झाले. पथकातले बाकीचे चौघे लोकांच्या आठवणीतून जवळजवळ पुसले गेले.

कोटणीसांचं काम सिनेमाइतकंच मोठं होतं, यात शंका नाही. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन गेले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख म्हणून १९४१ च्या जानेवारीत कोटणीस नेमले गेले. रुग्णालय म्हणजे खेड्यातली घरं, जपानी फौज जवळ आली की गुंडाळून हलवायची. ते चिनी शिकले, चिनीत शिकवू लागले, शल्यशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. परिचर्या शिकवणाऱ्या क्वो चिंगलान यांच्याशी लग्न झालं, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

त्यांच्या हयातीत चीनमध्ये अ‍ॅक्युपंक्चरची अवस्था काय होती, हे पाहिलं म्हणजे आजचं त्यांचं नाव त्या सुईशी जोडणं किती उलटं आहे ते कळतं. १८२२ मध्ये चिंग दरबाराने राजवैद्यांच्या संस्थेतून सुईचा विभागच बंद केला होता. १९२९ मध्ये राष्ट्रवादी सरकारच्या आरोग्य समितीने सगळीच पारंपरिक वैद्यकी मोडीत काढण्याचा ठराव केला. वैद्यांनी देशभर ओरड केली तेव्हा तो बासनात गेला. शहरातले शिकलेले डॉक्टर सुईला अडाणीपणा समजत. सुई टिकली ती खेड्यांत. कम्युनिस्टांनी ती उचलली ती काही प्राचीन ज्ञानाच्या प्रेमाने नव्हे. नाकेबंदीत औषधं मिळत नव्हती आणि सुई स्वस्त होती. येनानच्या शांतता रुग्णालयात अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना उघडला तो १९४५ मध्ये. तिथल्या जुन्या जाणकाराकडून ही विद्या शिकलेल्या चू ल्येन या डॉक्टर बाईंनी १९५१ मध्ये नव्या अ‍ॅक्युपंक्चरवर पुस्तक लिहिलं. त्यात जुन्या वैद्यकीतल्या शक्तिवाहिन्यांपेक्षा मज्जासंस्थेच्या भाषेवर भर होता. सुईला प्रयोगशाळेचा दरवाजा उघडला तो इथे.

विजयकुमार बसू १९४३ मध्ये कलकत्त्याला परतले. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, तिथे रीतसर अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात सुया टोचू लागले. भारतातल्या आधुनिक अ‍ॅक्युपंक्चरची सुरुवात इथून धरतात. वेळ बघा: तीनच वर्षांत चीनशी युद्ध झालं. चिनी म्हटलं की संशय, अशा काळात बसूंनी एक चिनी उपचार चालू ठेवला, इतरांना शिकवला आणि त्यावर आपल्या मृत मित्राचं नाव कोरलं. युद्धानंतरच्या भारतात चिनी वस्तूला मान्यता हवी तर कोटणीसांहून चांगलं नाव कुठून मिळणार? त्या नावामागे मैत्री होती आणि थोडी व्यवहारबुद्धीही असावी, असं मला वाटतं. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

इकडे चीनमध्ये सुईला वीज जोडली जात होती. कल्पना मुळात फ्रेंच. १८१० च्या आसपास लुई बेर्लिओज या डॉक्टराने सुया टोचून पाहिल्या आणि त्यांना विजेची जोड द्यावी असं सुचवलं. १८२५ मध्ये सार्लांदियेर याने संधिवातावर ती खरंच दिली. मग युरोप विसरून गेला. चीनमध्ये पन्नाशीच्या दशकात ती नव्याने उगवली, आणि तिला बळ आलं ते १९५८ नंतर. त्या वर्षी शांघायच्या डॉक्टरांनी भूल न देता, नुसत्या सुया टोचून टॉन्सिल काढले. ती माओच्या 'मोठ्या उडी'च्या मोहिमेची वर्षं. बघता बघता सुईच्या भुलीवर मोठमोठ्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. अडचण अगदी साधी होती. सुई नुसती टोचून भागत नाही, ती सतत फिरवत राहावी लागते. तासन्‌तास टेबलाभोवती तीन-चार जण सुया फिरवत उभे. त्यांच्या जागी बॅटरीवरची पेटी आली, सुयांना चिमटे लावायचे आणि बटण फिरवायचं. या पेट्यांतली जी-६८०५ नावाची पेटी पुढे इतकी पसरली की आजही उंदरांवरच्या चिनी निबंधांत ती जागोजाग भेटते.

१९६५ मध्ये पंतप्रधान चौ एन लाय यांच्या सांगण्यावरून बीजिंगच्या हान चीशंग या शरीरक्रियातज्ज्ञाकडे काम आलं: सुईने वेदना कमी होते ती कशी? हान स्वतः साशंक होते. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या कातडीवर क्षारांच्या साहाय्याने वेदना उठवली, अंगठा आणि तर्जनीमधल्या बिंदूवर पन्नास मिनिटं सुई चालवली. वेदना सोसण्याची मर्यादा हळूहळू वर चढली आणि सुई काढल्यावर ही वाढ दर सोळा मिनिटांनी निम्मी होत उतरली. अशी सावकाश चढ-उतार म्हणजे काहीतरी रसायन पाझरत असणार. मग त्यांनी सुई दिलेल्या सशाच्या मेंदूतलं पाणी काढून दुसऱ्या, सुई न दिलेल्या सशाच्या मेंदूत सोडलं. दुसऱ्यालाही वेदना कमी झाली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये मेंदूतलं अफूसदृश रसायन सापडलं आणि १९७६ मध्ये टोरँटोत पोमेरँझ यांनी दाखवलं की अफूचा उतारा असलेलं नालोक्सोन दिलं की उंदरांतला सुईचा परिणाम नाहीसा होतो. पुढे हान यांनी सेकंदाला दोन स्पंदनं दिली तर एक रसायन पाझरतं, शंभर दिली तर दुसरं, इतकं नेमकं दाखवलं. वेदनेपुरतं पाहिलं तर या शास्त्राचा पाया कच्चा नाही.

जगाला मात्र सशांनी नव्हे, एका अपेंडिक्सने जागं केलं. जुलै १९७१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जेम्स रेस्टन बीजिंगमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि अमेरिकेत समज पसरला की त्यांचं पोट सुयांच्या भुलीवर कापलं. खरं तर भूल नेहमीचीच, टोचून दिलेली होती. सुया दिल्या त्या नंतर पोट फुगलं म्हणून. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बीजिंगला उतरले आणि त्या गैरसमजाला पंखच फुटले. या सुईच्या इतिहासात चुकीच्या माणसाच्या नावावर चुकीची गोष्ट जमा होण्याचा प्रसंग दुसऱ्यांदा येतो.

आता उंदीर. लकव्याचं संशोधन करायचं तर आधी लकवा घडवावा लागतो. यासाठी १९८६ मध्ये जपानमध्ये कोईझुमी यांनी आणि १९८९ मध्ये अमेरिकेत लाँगा यांनी बसवलेली रीत आज जगभर चालते. उंदराला भूल देतात, मान उघडतात, बाहेरच्या ग्रीवाधमनीत एक नायलॉनचा धागा घालतात. धाग्याचं टोक जाळावर धरून बोथट केलेलं असतं. तो आतल्या धमनीतून हळूहळू वर सरकवतात, साधारण दोन सेंटिमीटर गेल्यावर हाताला अडकल्यासारखं लागतं. तिथे मेंदूच्या मधल्या धमनीचं तोंड बुजलेलं असतं. दोन तास थांबतात, धागा ओढून काढतात, रक्त पुन्हा वाहू लागतं. शुद्धीवर आलेला उंदीर शेपटीला धरून उचलला तर एका बाजूचा पुढचा पाय आत दुमडतो. जमिनीवर सोडला तर गोल गोल फिरतो. त्याला शून्य ते चार असे गुण देतात. शेवटी उंदीर मारून मेंदूचे पातळ काप करतात आणि एका रंगात बुडवतात. जिवंत पेशी लाल होतात, मेलेला भाग पांढराफटक राहतो. त्या पांढऱ्याचं क्षेत्रफळ मोजायचं. उपचाराचा सगळा निवाडा त्या पांढऱ्या डागावर.

शीआनच्या चौथ्या सैनिकी वैद्यकीय विद्यापीठात श्युंग लीझ यांच्या गटाने २००३ मध्ये छापलेला प्रयोग असा: उंदराच्या टाळूवरच्या बायहुई या बिंदूवर रोज अर्धा तास, सेकंदाला पंधरा स्पंदनं, एक मिलिअँपिअर, असे पाच दिवस. मग एक दिवस जाऊ देऊन वरच्यासारखा लकवा. वीज मिळालेल्या उंदरांत पांढरा डाग लहान निघाला, चालणंही बरं. २००९ मध्ये त्याच गटाने सांगितलं की यामागे मेंदूतली गांजासारखी रसायनं आणि त्यांना धरणारे ग्राहक आहेत. ते ग्राहक औषधाने बंद केले की फायदा जातो. फूच्येनमधल्या पारंपरिक वैद्यक विद्यापीठाने लकवा घडवल्यानंतर कोपर आणि गुडघ्याखालच्या बिंदूंवर वीज दिली. तिथेही सूज कमी, पेशींची आत्महत्या कमी, नव्या पेशींची वाढ जास्त, असे निष्कर्ष आले. अशा निबंधांचा नुसता पूर आला. आणि शीआन म्हणजे तेच गाव, जिथून १९३९ च्या हिवाळ्यात कोटणीस-बसूंचं पथक येनानच्या वाटेला लागलं. दोन्ही एकाच शान्शी प्रांतात.

या निबंधांतले बहुतेक उंदीर तरुण, नर आणि निरोगी असतात. पहिल्या प्रयोगात तर वीज लकव्याच्या आधी दिली होती. हृदयाच्या किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेला निघालेल्या रोग्याला ती आगाऊ देता येईल, हा श्युंग यांचा विचार भूलतज्ज्ञाचा आहे आणि सरळ आहे. पण दिग्रसच्या किंवा झरी जामणीच्या माणसाला लकवा कधी मारणार हे आधी कळत नाही. तो साठीचा असतो, रक्तदाब कधी तपासलेला नसतो, साखर वाढलेली असते आणि गालात खर्रा असतो. पिंजऱ्यातला उंदीर त्याचा प्रतिनिधी नाही.

हा दोष एकट्या सुईच्या संशोधनाचा नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात ओ'कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली: लकव्यावर प्रयोगशाळेत तपासलेले १,०२६ उपचार. त्यांतल्या बऱ्याच उपचारांनी प्राण्यांचे मेंदू वाचवले होते. माणसांत टिकलं ते गुठळी विरघळवणारं औषध, आणि तेही लकवा झाल्यापासून तीन, पुढे साडेचार तासांच्या आत दिलं तर. जगातल्या मोठमोठ्या औषध कंपन्या जिथे आपटल्या तिथे सुईने एका दमात पार व्हावं ही अपेक्षाच अवास्तव.

माणसांवरच्या चाचण्यांचा इतिहासही असाच हेलकावे खातो. स्वीडनमध्ये लुंडच्या बार्ब्रो योहान्सन यांनी १९९३ मध्ये ७८ रोग्यांवर अभ्यास केला. सुई मिळालेल्यांची चाल, तोल आणि रोजचे व्यवहार अधिक सुधारले. त्याच बाईंनी २००१ मध्ये अनेक रुग्णालयांत १५० रोग्यांवर, तुलनेसाठी नकली उपचाराचा गट ठेवून, पुन्हा पाहिलं. फरक दिसला नाही. आपलाच आठ वर्षांपूर्वीचा निकाल आपणच खोडून काढायला धाडस लागतं. या सगळ्या कथेत मला सर्वांत आदर वाटतो तो या बाईंचा. २०१६ मध्ये, चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात ३१ चाचण्या आणि २,२५७ रोगी एकत्र तपासले गेले. सुईच्या बाजूने काही आकडे निघाले, पण चाचण्या इतक्या ढिल्या की त्यांवर भार टाकता येत नाही, असा निर्वाळा दिला गेला.

अगदी अलीकडे कामाला पुन्हा धार आली आहे. हार्वर्डमध्ये मा च्योफू यांनी २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की गुडघ्याखालच्या झूसान्ली बिंदूवर हलकी वीज दिली की उंदराच्या अंगातली सूज उतरते, कारण तिथल्या खोल पडद्यात विशिष्ट मज्जातंतू असतात. पोटावर ते तसे नसतात, म्हणून तिथे हलकी वीज चालत नाही. बिंदूला अर्थ का असतो याचं हे पहिलं पटण्यासारखं उत्तर. याच गटाने आदल्या वर्षी आणखी एक गोष्ट नोंदवली होती, ती मात्र सल्ला देणाऱ्यांच्या तोंडी कधी येत नाही. जिवाणूंच्या विषाने आजारी पाडलेल्या उंदरांना पोटावर जोरकस वीज आधी दिली तर सूज आवरली. आजार चढल्यावर दिली तर वाढली.

कायदा मात्र प्रयोगशाळेसाठी थांबला नाही. बसूंच्या बंगालने १९९६ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा केला, महाराष्ट्राने २०१५ चा केला आणि केंद्राने २०१९ मध्ये तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. नोंदणी झाली, अभ्यासक्रम आले. भोंदूंना थोडा चाप बसेल, हे चांगलंच. पण परवाना असणं आणि लकव्यावर गुण येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फलकावर त्या एकाच ओळीत लिहिल्या जातात.

गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा, सगळ्या कारणांत पहिला, आणि बहुतेक माणसं घरीच गेलेली. यवतमाळचं चित्र फार निराळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. उमरखेडहून यवतमाळचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरांहून लांब, तिथून नागपूर आणखी दीडशे. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की घड्याळ सुरू होतं आणि साडेचार तासांतले निम्मे तर गाडी ठरवण्यातच जातात. ती वेळ हुकल्यावर उरतो व्यायाम, रोजचा, कंटाळवाणा, महिनोन्‌महिने. त्याच्या जोडीला कुणी सुया टोचून घेतल्या तर माझी हरकत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनीही लकव्यानंतरच्या पुनर्वसनात तिला जोडउपचार म्हणून जागा ठेवली होती. हरकत आहे ती व्यायाम सोडून, रक्तदाबाची गोळी बंद करून सुईमागे जाण्याला. आणि टोचणाऱ्याने पेटीचं बटण किती फिरवलं, किती स्पंदनं, कितव्या दिवशी, हे विचारायचा हक्क रोग्याच्या नातेवाइकांना आहेच. शीआनच्या प्रयोगशाळेत उंदरासाठीही ते लिहून ठेवतात.